विजेची कात्री आणि आपलीं अक्षरें

(ज्युबिली महोत्सवानिमित्त जमलेल्या भाविकांपुढें केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं थोर वक्त्यांनीं आपणांस श्रद्धेच्या व सेवेच्या गोष्टी सांगितल्या. त्यांच्यामागून कागद, पुठ्ठा आणि डिंक यांविषयीं बोलण्यास आम्ही उभे राहिलों, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु ज्युबिलीच्या तयारीबरोबर एक वाद आपल्यांत सुरू झाला आहे, व तो मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर कसा रंगतो हें सर्वांस ठाऊक आहे. संगणकाच्या हुकुमानें कागद कापणारें, विजेवर चालणारें यंत्र धर्मग्रामानें विकत घ्यावें कीं नाहीं, हा तो वाद. आम्हीं कांहीं जणांनीं गेले तीन नाताळ व तीन उपवासकाळ असें एक यंत्र उसनें आणून चालविलें. त्यावर कार्डें, पेट्या व कंदील केले. तेव्हां या वादांत आमची साक्ष घ्यावी असें फादरांनीं ठरविलें. साक्षीदारानें पाहिलेलें तेवढेंच सांगावें; आम्हीही चुकांसकट सांगणार आहों.

प्रथम यंत्र म्हणजे काय तें सांगतों, कारण वाद घालणाऱ्यांपैकीं निम्म्या मंडळींनीं तें पाहिलेलेंच नाहीं. नांदेडच्या वजिराबादेंत किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास गाडीच्या नंबराच्या पाटीवर अक्षरें चिकटवून देणारा रेडियमवाला आपण सर्वांनीं पाहिला आहे. (त्या चकचकीत पट्टींत रेडियम नांवाचें मूलद्रव्य मुळींच नसतें, हें जातां जातां सांगून ठेवतों.) त्याच्या दुकानांतील जें यंत्र पट्टीवर अक्षरें कापतें, त्याचेंच हें धाकटें भावंड होय. एका चिकट चटईवर कागदाचा ताव पसरावयाचा. यंत्रांतील रूळ ती चटई पुढें-मागें सरकवितो, आणि सुरी धरलेली पेटी डावी-उजवीकडे धांवते. या दोन सरळ गतींच्या मिलाफांतून वाटोळी वेल, देवदूताचे पंख, वाटेल तें निघतें. सुरीचें टोंक तिच्या आंसाच्या किंचित् मागें असतें. त्यामुळें फिरत्या खुर्चीचें चाक जसें ओढाल तिकडे आपोआप वळतें, तशी ती सुरी रेषेमागोमाग वळत जाते. सुरी किती खोल उतरावी व किती दाब पडावा हें प्रत्येक कागदासाठीं वेगळें ठरवावें लागतें. म्हणून कामाआधीं तावाच्या कोपऱ्यांत एक लहानसा चौकोन कापून पाहावा. हा चौकोन कापण्याचा आळस केल्यानें आमचे जेवढे ताव वांयां गेले, तेवढे दुसऱ्या कशानेंही गेले नाहींत.

कागदाची जाडी दर चौरस मीटरमागें ग्रॅममध्यें मोजतात. वहीचें पान साधारणतः ६० ते ७० ग्रॅमचें. कार्डास २०० ते २५०, व पेटीस २५० ते ३०० ग्रॅमची कार्डशीट लागते. कागदाच्या तंतूंस दिशा असते; दिशेच्या बाजूनें घडी घातली तर ती दोरीसारखी सरळ येते, आडवी घातली तर कडेला भेगा पडतात. आपल्याकडील हवेचाही परिणाम आहे. मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे गेला म्हणजे कागद पापडासारखा होतो व घडीवर तडकतो. श्रावणांत तोच ओल धरून फुगतो आणि सुरीखालीं कापला न जातां फाटतो. नाताळच्या सुमारास मात्र हवा अगदीं अनुकूल असते.

मराठवाड्यास कागदाची ओळख आजची नव्हे. दौलताबादेजवळ कागजीपुरा म्हणून गांव आहे. महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीस आणली तेव्हां कागद करणारे कारागीर येथें आले, अशी तेथील परंपरा सांगते. असा हातकागद आम्हीं मोठ्या हौसेनें यंत्रांत घालून पाहिला. त्याचा पृष्ठभाग उंचसखल व लोंकरीसारखा असल्यानें सुरी कोठें अडे, कोठें निसटे. आतां तो कागद आम्ही कार्डाच्या आंतील पानासाठीं ठेवतों, ज्यावर हातानें लिहावयाचें असतें. यंत्रास सर्व कागद सारखे नाहींत हें आम्ही या पराभवानें शिकलों.

कोणी विचारील, कापण्याचेंच काम असेल तर छापखाने काय थोडे आहेत? हा प्रश्न खरा आहे. छापखान्यांत पेटी कापण्यासाठीं पोलादी पात्यांचा साचा करितात. लोक त्यास डाय म्हणतात. १८७९ सालीं ब्रुकलिन येथील कागदी पिशव्यांचे कारखानदार रॉबर्ट गेर यांच्या कारखान्यांत घडी पाडण्याची धातूची पट्टी थोडी वर राहिली, व घडी पडण्याऐवजीं पिशव्या कापल्या गेल्या. नुकसान झालें, पण त्यावरून गेर यांच्या ध्यानांत आलें कीं, कापणें व घडी पाडणें हीं दोन्हीं कामें एकाच दाबांत उरकतां येतील. आज जगभर जीं घडीचीं खोकीं आहेत त्यांची वाट त्या अपघातानें मोकळी केली. परंतु डाय करण्याचा खर्च हजारों प्रतींवर वांटला गेला तरच परवडतो. आपल्या येथें प्रथम कम्युनियन घेणारीं मुलें किती? कधीं पंधरा, कधीं पंचवीस. तेवढ्यांसाठीं डाय कोण करील? शिवाय डायमधून निघणारें प्रत्येक कार्ड सारखेंच. विजेच्या यंत्रास डाय नाहीं. पहिल्या कार्डावर एका मुलाचें नांव, दुसऱ्यावर दुसऱ्याचें, असें तें न कुरकुरतां कापतें. उलट, लग्नाच्या हजार पत्रिका या यंत्रावर करूं म्हणाल तर आम्ही आपणांस छापखान्याकडेच पाठवूं. नाजूक जाळीच्या एका कार्डास चार-पांच मिनिटें लागतात. हजार कार्डांचा हिशेब आपणच करावा.

पेटीचा आराखडा काढणें ज्यांस अवघड वाटतें त्यांच्यासाठीं एक उदाहरण देतों. तळ १० सेंटिमीटर चौरस व भिंती ५ सेंटिमीटर उंच अशी पेटी हवी आहे. ती उलगडून सपाट केली तर दोन्ही अंगांस भिंती पसरून २० सेंटिमीटरांचा चौकोन होतो. बाजारांतील ए-फोर ताव २१ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणून एका तावांत एक पेटी नेमकी बसते. चार कोपऱ्यांत जे चौकोन उरतात त्यांतूनच चिकटवावयाच्या कानपट्ट्या काढाव्या. झांकण मात्र १० सेंटिमीटरांचें काढूं नये. तें दोन-तीन मिलिमीटर मोठें हवें, नाहींतर पेटीवर बसत नाहीं. हे दोन-तीन मिलिमीटर विसरल्यामुळें आमच्याकडे एके वर्षीं झांकणें वेगळीं व पेट्या वेगळ्या अशी दोन ढिगांची मांडणी बरेच दिवस होती.

आतां अक्षरांविषयीं थोडें विस्तारानें बोलतों, कारण आमची खरी परीक्षा तेथेंच झाली. पहिल्या वर्षीं आम्हीं ठरविलें कीं, नाताळच्या कार्डांवर 'शांति' व 'आनंद' हे शब्द सोनेरी कागदांत कापून चिकटवावे. संगणकावर शब्द टंकिला व यंत्रास हुकूम दिला. निघाले काय, तर अक्षरांचे तुकडे! कारण असें कीं, पडद्यावर शिरोरेषा अखंड दिसली तरी प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा निराळी असते. एकाची शिरोरेषा दुसऱ्याच्या शिरोरेषेवर थोडी चढलेली असते. डोळ्यास ती एक वाटते, यंत्र मात्र दोन्हीं रेषा इमानानें कापतें. म्हणून कापण्यापूर्वीं सर्व अक्षरें एकजीव करून घ्यावीं लागतात. संगणकांत त्यासाठीं एक कळ असते. ती आम्हांस सांपडावयास आठ दिवस लागले.

अक्षरें एकजीव झालीं आणि आपल्या लिपीचा एक गुण आमच्या ध्यानांत आला. इंग्रजी शब्द कापला तर प्रत्येक अक्षर सुटें पडतें, व तीं ओळींत चिकटवितांना हात थरथरतो. आपला शब्द मात्र शिरोरेषेवर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांप्रमाणें, सगळा मिळून उचलला जातो. चिमट्यानें एक टोंक धरा, अख्खा 'आनंद' हातांत येतो. या गोष्टीचा आम्हांस फार अभिमान वाटला व त्या अभिमानांत आम्हीं चाळीस कार्डें चिकटवून टाकलीं. तीं वाळत ठेवलीं असतां एक लहान मुलगी आली व मोठ्यानें वाचूं लागली, "शाति, आनद." आम्ही चटईकडे पाहिलें. सगळे अनुस्वार तेथें, जोंधळ्याच्या दाण्यांसारखे, चिकटून राहिले होते! शिरोरेषेस न टेकणारें जें जें आहे तें तें मागें राहतें. अनुस्वार राहतो, विसर्ग राहतो, आणि कांहीं वळणांत 'कॅथलिक' या शब्दावरील चंद्रही सुटून जातो. त्या रात्रीं आम्हीं टांचणीच्या टोंकानें एकेक टिंब उचलून ८० टिंबें बसविलीं. पुढील वर्षापासून आम्ही अनुस्वारास शिरोरेषेशीं मिलिमीटरभर रुंदीच्या मानेनें जोडून देतों. दुरून ती मान दिसत नाहीं.

कंदिलाची गोष्ट याच्या उलट आहे. कंदिलांत अक्षर कागदाचें नसून छिद्राचें असतें, व त्यांतून उजेड यावयाचा असतो. तेथें 'व' किंवा 'ब' यांच्या पोटांतील कागद आधारावांचून गळून पडतो, आणि जी शिरोरेषा मघां आपली तारक होती तीच आतां लांब चीर होऊन कागदाचा कणा मोडते. म्हणून मध्यें मध्यें कागदाचे पूल ठेवावे लागतात. पूल कोठें ठेवला म्हणजे शब्द वाचतांना अडखळावयास होणार नाहीं, हें यंत्र सांगत नाहीं. तें मराठी वाचणाऱ्यानेंच ठरवावें लागतें.

या ठिकाणीं आपल्या धर्मेतिहासांतील एक गोष्ट आम्हांस आठवते. इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, येथील भाषा शिकले, व त्यांनीं ख्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ सालीं छापून निघालें. भाषा मराठी, पण अक्षरें रोमन. फादरांस देवनागरी नको होती असें नव्हे. १६०८ सालच्या एका पत्रांत त्यांनीं या देशाच्या लिपींत पुस्तक छापण्याची इच्छा रोमला कळविली होती. अडचण ही होती कीं, युरोपांतील छापखान्यास जेथें दोन डझन अक्षरें पुरत, तेथें जोडाक्षरें धरून सुमारें ६०० साचे पाडावे लागले असते. तें पुराण देवनागरी अक्षरांत शांताराम बंडेलू यांच्या संपादनानें निघालें तें १९५६ सालीं, म्हणजे ३४० वर्षांनीं! ज्या साच्यांसाठीं त्या महात्म्यास तिष्ठावें लागलें, ते आज आपणांस फुकट व अगणित मिळतात. असें असतां आपल्याच मुलांच्या प्रथम कम्युनियनच्या कार्डावर आपण इंग्रजी अक्षरें कापून बसावें, आणि कारण विचारलें तर "तयार नमुना तसाच मिळाला" असें सांगावें, हें आम्हांस शोभत नाहीं. हें बोलणें कठोर वाटेल. पण पहिल्या वर्षीं आम्हींही तेंच केलें होतें, म्हणून बोलण्याचा अधिकार घेतों.

तयार नमुन्यांचें असेंच आहे. नाताळचा म्हणून जो नमुना उघडावा त्यांत बर्फ, सूचिपर्णी झाडें, धुराडें असलेलें घर आणि सांबराची गाडी. आपल्या डोळ्यांपुढील नाताळ कसा आहे? शेतांत रब्बीची ज्वारी निसवलेली असते, हरभऱ्यास घाटे धरतात, करडई कांटे दाखवूं लागते, हुरड्याचीं निमंत्रणें येऊं लागतात. माळावर धनगर घोंगडी पांघरून मेंढरें राखीत बसलेला असतो. ज्या मेंढपाळांस देवदूतानें शुभवार्ता सांगितली ते असेच उघड्यावर रात्र काढीत होते. माळवदाचीं घरें आपल्या गांवांतून अद्यापि उभीं आहेत, आणि गव्हाण म्हणजे काय हें आपल्या मुलांस चित्रांत दाखवावें लागत नाहीं. १२२३ सालीं असिसीच्या संत फ्रान्सिसनें ग्रेच्चो गांवीं गव्हाणीचा देखावा केला तेव्हां जिवंत बैल, गाढव व तेथलेंच गवत घेतलें. बेथलेहेमाहून कांहीं मागविलें नाहीं. दुसऱ्या वर्षीं आम्हीं माळवदाच्या घराची पेटी काढली: झांकण म्हणजे धाब्याचें छप्पर, पुढची भिंत कापून दार, दारांतून गव्हाण दिसते, व दाराच्या दोन बाजूंस ज्वारीचीं कणसें. कणसांचे दाणे कापतांना सुरी फार वेळ घेते हा तिचा दोष आहे. परंतु ती पेटी घरोघर राहिली. फराळ संपल्यावर कोणीं टाकून दिली नाहीं.

फराळाचा विषय निघाला म्हणून एक शंका सांगून टाकतों. पूर्वीं करंज्या-चकल्यांचें ताट विणलेल्या रुमालानें झांकून शेजारच्या हिंदु, मुसलमान, शीख घरीं जात असे. आणि तें ताट रिकामें परत येत नसे. पेटी परत येत नाहीं. आम्हीं पेट्या केल्या त्या वर्षीं एका शेजारणीनें हसत विचारलें, "आतां परत काय द्यायचं आम्ही? तुमचं ताट कुठं आहे?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें. अद्यापि नाहीं. लांबच्या नातेवाइकांस पेटी द्यावी व शेजारीं ताटच न्यावें, असें आमच्यांतील कित्येकांनीं ठरविलें आहे.

नमुन्यांच्या बाबतींत दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती दहा आज्ञांपैकीं सातवीशीं संबंध ठेवते. ज्युबिलीच्या जत्रेंत आपण कार्डें विकणार. बाजारांतील पुष्कळ नमुने "स्वतःच्या उपयोगापुरते" म्हणून दिलेले असतात; ते कापून विकण्यास निराळी परवानगी लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातींत व मरणोत्तर ६० वर्षें राहतो. आपल्यापैकीं एकानें मोठ्या भक्तीनें आंजेलो द फोन्सेका यांचें साडींतील मरियेचें चित्र कापून विकावें असें सुचविलें होतें. द फोन्सेका हे गोव्याचे. १९०२ सालीं जन्मले, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत राहून त्यांनीं प्रभूला व देवमातेला आपल्या देशाच्या रूपांत रंगविलें, व १९६७ सालीं ते निवर्तले. म्हणजे निदान २०२७ अखेर त्यांच्या चित्रांवर त्यांच्या वारसांचा हक्क आहे. त्यांच्यापासून आपण दृष्टि घ्यावी, चित्र घेऊं नये. "देवाच्या कामासाठीं घेतलें" असें म्हणून ही चोरी पुण्य होत नाहीं. ज्यानें सूचना केली त्यास हें पटलें, व त्यानें स्वतः आपल्या आईस समोर बसवून चित्र काढलें. नाक थोडें बिघडलें आहे. पण तें आपलें आहे.

आतां ज्या आक्षेपांमुळें हा वाद पेटला तिकडे वळतों. कित्येक वडील मंडळी म्हणतात, देवाच्या वस्तूस माणसाचा हात लागावा, यंत्राचा नव्हे. युरोपांतील मठांत १७ व्या व १८ व्या शतकांत धर्मभगिनी लहानशा सुरीनें कागदावर व चर्मपत्रावर सुईच्या जाळीसारखें नक्षीकाम कापून मध्यभागीं संतांचें चित्र रंगवीत. एकेका चित्रास कित्येक दिवस जात. पुढें १९ व्या शतकांत पॅरिसचे कारखाने तीच जाळी यंत्रानें पाडूं लागले, व जाळीच्या कांठाचीं तीं पवित्र चित्रें जगभर गेलीं. आपल्या आजींच्या प्रार्थनापुस्तकांत जपून ठेवलेलीं, जाळीचे कांठ पिवळे पडलेलीं तसलीं चित्रें यंत्राचींच आहेत. त्यांवर कोणाची प्रार्थना अडली असें आम्हीं ऐकलें नाहीं.

पण हें उत्तर देऊन आम्ही सुटलों असें म्हणवत नाहीं, कारण त्या आक्षेपामागें एक खरें दुःख आहे. लातूरकडील एक वयस्क आजी कित्येक वर्षें नाताळचे तारे कापीत असत. पतंगी कागदाची आठपदरी घडी घालावयाची, कात्रीचे पांच-सहा घाव, आणि उलगडलें कीं तारा. यंत्र आलें त्या वर्षीं तरुण मंडळींनीं त्यांस बोलावलेंच नाहीं. मुद्दाम नव्हे; कोणाच्या लक्षांतच आलें नाहीं, आणि हें अधिक वाईट. आजी आपण होऊन आल्या, यंत्रासमोर स्टुलावर बसल्या, अर्धा तास पाहत राहिल्या व म्हणाल्या, "पोरांनो, कापतंय चांगलं. पण घडी कळती का ह्याला?" नाहीं कळत. यंत्र एका वेळीं एकच सपाट पदर कापतें. घडी घालून एका घावांत आठ घाव करणें हें त्याच्या शक्तीबाहेरचें आहे. आम्ही ओशाळलों. मग त्यांनीं कापलेले बारा तारे आम्हीं एकेक करून संगणकांत उतरवून घेतले, व कार्डांवर तेच कापूं लागलों. कोणी म्हणालें, झालें, आजींचा मान राखला. पण मान राखणें वेगळें व मोबदला देणें वेगळें. दुसऱ्याच्या चित्राविषयीं जो नियम सांगितला तोच घरच्या माणसास लागू नको काय? म्हणून विकलेल्या प्रत्येक कार्डामागें ठराविक रक्कम आजींस द्यावी असें ठरलें. त्यांनीं ती घेतली, मोजून घेतली. आणि आतां डिसेंबर लागला कीं त्या मुलींस घडी शिकवावयास येतात, कारण त्यांचें म्हणणें असें कीं वीज गेली म्हणजे तुमचें यंत्र बसून राहतें, माझी कात्री बसत नाहीं. हें म्हणणें मराठवाड्यांत कोण खोडून काढील?

दुसरा आक्षेप पैशाचा. हें यंत्र दुचाकीहून बरेंच स्वस्त, पण साध्या शिलाईच्या यंत्राहून कित्येक पट महाग पडतें. तेवढे पैसे गरिबांस द्यावे, असें म्हणणारे आपल्यांत आहेत. त्यांस कोणी बेथानी येथील बहुमोल सुगंधी तेलाची गोष्ट ऐकवितो. आम्हांस हें आवडत नाहीं; त्या गोष्टींत तक्रार करणारा यहूदा होता, व आपले हे बंधु यहूदा नव्हेत. त्यांस हिशेबानें उत्तर द्यावें. उपवासकाळांत घरोघर ज्या दानपेट्या जातात त्या पूर्वीं विकत आणीत असूं. गेलीं तीन वर्षें त्या येथें कापल्या. कागदाचा खर्च तेवढा लागला, व घडी घालणें आणि चिकटविणें कुटुंबांनींच केलें. पहिल्या वर्षीं, खरें सांगावयाचें तर, फजिती झाली. तळास नुसता डिंक लावला होता. अर्पणाच्या वेळीं तीन-चार पेट्यांचे तळ सुटले आणि नाणीं वेदीपर्यंत घरंगळत गेलीं. मुलें फार खूष झालीं. त्यानंतर आम्ही तळाचीं चार पानें एकमेकांत अडकणारीं काढतों, म्हणजे वजन पडेल तसा तळ अधिक घट्ट बसतो. पेट्यांत वांचलेले पैसे व कार्डांच्या विक्रीचे पैसे यांची वही फादरांपाशीं आहे. ज्यांस शंका असेल त्यांनीं ती आज पाहावी. यंत्राची किंमत तीन-चार वर्षांत निघते असें आम्हांस त्या वहीवरून वाटतें. चिकट चटई व सुरी वरचेवर बदलावी लागते, तो खर्च आम्हीं त्यांत धरला आहे.

राहिला नांदेड व लातूर यांच्यामधील तंटा. यंत्र कोणीकडे ठेवावें? सहा महिने येथें, सहा महिने तेथें, ही सूचना वरवर न्यायाची दिसते. पण नाताळ दोन्हींकडे डिसेंबरांतच येतो, आणि जूनमध्यें यंत्र मिळालेल्यानें त्याचें काय करावें? आमची सूचना अशी. चित्रें दोन्हींकडे काढलीं जावीं, तीं मोबाइलवरून क्षणांत जातात. यंत्र एका जागीं स्थिर असावें, कारण प्रवासांत तें बिघडतें. कापलेले ताव सपाट असतात. शंभर पेट्यांचें बाड एका पिशवींत बसतें व एस.टी.नें सहज जातें. लातूरच्या पेट्या लातूरलाच घडाव्या व चिकटवाव्या. यंत्र कोणत्या गांवीं राहावें याविषयीं आम्ही मत देत नाहीं, कारण आमच्यांत दोन्हीं गांवचे लोक आहेत व परतीचा प्रवास एकाच गाडींतून व्हावयाचा आहे.

ठराव आज संध्याकाळीं सभेपुढें येईल. तो संमत होवो न होवो, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं मिस्सेनंतर येथील सभागृहांत तारे कापण्याचा वर्ग भरणार आहे. कागद व डिंक आम्ही देऊं. कात्री व पट्टी प्रत्येकानें आपापली आणावी. आजींनीं आतांच बजावून ठेवलें आहे कीं, त्या आपली कात्री कोणास देणार नाहींत.